जुना राउटर, मागची खोली आणि एक वायर

मागच्या खोलीत वाय-फाय पोचत नाही म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो प्लॅन वाढवण्याचा. ४० एमबीपीएसचा १०० करा, १०० चा ३०० करा. बिल वाढतं, आणि मागच्या खोलीत व्हिडिओवरचं चक्र होतं तसंच फिरत राहतं. प्लॅनमधला वेग असतो तो फायबरमधून घरातल्या राउटरच्या डब्यापर्यंतचा. तिथून पुढे फोनपर्यंतचा प्रवास हवेतून आणि भिंतींतून होतो, आणि कितीही महाग रिचार्ज मारला तरी भिंत काही पातळ होत नाही. उपाय बहुधा कपाटातच पडलेला असतो: जुना राउटर, आणि त्याला नव्याशी जोडणारी एक वायर.

डबा कुठे बसवायचा हेही बहुतेक घरांत आपण ठरवलेलं नसतं. कंपनीचा माणूस शिडी घेऊन येतो, खांबावरून वायर ओढतो, खिडकीच्या चौकटीला भोक पाडतो आणि वायर जिथून आत आली तिथेच दोन हातांवर डबा ठोकून निघून जातो. म्हणजे घराच्या एका टोकाला. निम्मं वाय-फाय घराला, निम्मं रस्त्यावरच्या कुत्र्यांना.

कोकणातलं चिऱ्याचं घर घ्या. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागे आणखी एक पडवी. सगळं एकामागे एक, आणि मधल्या भिंती जाड जांभ्याच्या. ओटीवर डबा असेल तर मागच्या पडवीत बसलेल्या माणसापर्यंत सिग्नलला अशा तीन-चार भिंती ओलांडाव्या लागतात, त्यातही पावसाळ्यात ओल धरलेल्या. पाणी या लहरी शोषून घेतं, त्यामुळे ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त खाते. शहरातल्या रो-हाउसमध्ये हेच काम मधला स्लॅब करतो, कारण त्यात लोखंडी सळ्यांची जाळी असते. फ्लॅटमध्ये लोखंडी कपाट, फ्रिज किंवा भिंतभर आरसा मध्ये आला की खेळ खलास.

आधी मोजा. अँड्रॉइड फोनवर वाय-फाय ॲनालायझर प्रकारचं एखादं फुकट ॲप घ्या आणि घरभर हिंडा. ते डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलच्या ताकदीच्या मापात आकडा दाखवतं, तोही उणे चिन्हाचा. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निवांत चालतो, उणे ८० च्या पलीकडे नुसती कांडी दिसते, काम होत नाही. हा आकडा साध्या बेरजेचा नाही. ३ ने घसरला की ताकद निम्मी, १० ने घसरला की दहावा हिस्सा. उणे ६० वरून उणे ८० वर गेलात म्हणजे सिग्नल शंभरावा भाग उरला. एका जाड भिंतीने इतका फरक का पडतो, ते इथे कळतं.

आणि डब्यावर ‘५जी’ लिहिलेलं दुसरं नाव दिसतं, ते मोबाइलचं ५जी नव्हे. ते ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय. वेग जास्त, पण भिंतीला लवकर हार मानणारं. २.४ गिगाहर्ट्झचं हळू असतं, मात्र लांब जातं.

आता कपाट उघडा. जुन्या लँडलाइन ब्रॉडबँडच्या काळातला एखादा डबा, मधल्या केबलवाल्याच्या वेळी विकत घेतलेला दोन अँटेनांचा राउटर, असं काहीतरी बहुतेक घरांत निघतं. दोन्ही चालतात. टेलिफोनची बारीक पिन लागणारा जुना मॉडेमसुद्धा चालतो, फक्त त्याला वाय-फाय आणि निदान एक लॅन पोर्ट, म्हणजे नेटवर्कची वायर लावायचं भोक, हवं. टेलिफोनच्या भोकाकडे आपल्याला ढुंकूनही पाहायचं नाही. आधीच्या फायबर कंपनीचा डबा पडून असेल तर मात्र दोन गोष्टी: एक म्हणजे तो बऱ्याचदा कंपनीच्या मालकीचा असतो आणि परत द्यायचा असतो, आणि दुसरं, त्याच्या सेटिंग कंपनीने कुलूपबंद केलेल्या असू शकतात.

वयही बघा. डब्याखालच्या स्टिकरवर किंवा मॉडेल नंबरवरून शोधलं तर ८०२.११ या वाय-फायच्या मानकाच्या क्रमांकापुढे एक अक्षर सापडेल. नुसतं ‘जी’ असेल तर तो २००३ च्या मानकाचा, कागदोपत्री ५४ एमबीपीएसचा. त्याला सुखाने भंगारात जाऊ द्या. ‘एन’ असेल, म्हणजे २००९ चं मानक, तर मागच्या खोलीचं भागतं. ‘एसी’ असेल तर घबाडच.

चालू करण्याआधी ॲडॉप्टर. घरातल्या सगळ्या जुन्या ॲडॉप्टरची एकाच पिशवीत गुंतवळ झालेली असते आणि पिन सगळ्यांच्या सारख्याच दिसतात. पण एक १२ व्होल्टचा असतो, एक ९ चा, एखादा ५ चा. राउटरच्या तळाशी लिहिलेलं वाचा, ॲडॉप्टरच्या पाठीवरचं वाचा. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. अँपिअर राउटरला लागतात तितके किंवा त्याहून जास्त असले तर चालतात, कमी असले तर राउटर मधूनमधून आपोआप बंद-चालू होत राहील आणि तुम्ही दोष वाय-फायला द्याल. पिनच्या आतला गोल धन की ऋण, त्याचं छोटं चित्रही दोन्हीकडे छापलेलं असतं; तेही जुळवून घ्या.

आता मुद्द्याचं. राउटर नावाच्या डब्यात खरं तर चार वेगवेगळी कामं कोंबलेली असतात. पहिलं, बाहेरचं इंटरनेट आणि घरातलं जाळं यांच्यामध्ये उभं राहून ये-जा सांभाळणं. दुसरं, घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला, लॅपटॉपला एक आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यातला त्याचा नंबर, वाटणं. याला डीएचसीपी म्हणतात. तिसरं, मागच्या पिवळ्या किंवा काळ्या लॅन पोर्टांत खुपसलेल्या वायरी एकमेकींना जोडणं. चौथं, वाय-फाय सोडणं. नव्या डब्यात ही चारही कामं चालू आहेत. जुन्यात पहिली दोन बंद करायची आणि शेवटची दोन ठेवायची. असं केलं की जुना राउटर फक्त ॲक्सेस पॉइंट उरतो: एका बाजूने वायर आत, दुसऱ्या बाजूने वाय-फाय बाहेर.

डीएचसीपी बंद केली नाही तर काय होतं? एका दवाखान्यात दोन कंपाउंडर बसून पेशंटना आपापल्या मनाने नंबर वाटत असतील, तर जे होईल तेच. कुणाला एकाच नंबराचे दोन कागद मिळतात, कुणाला भलत्याच दाराकडे पाठवलं जातं. फोन वाय-फायला जोडलेला दिसतो पण इंटरनेट नाही, मग पाच मिनिटांनी आपोआप चालू, मग परत बंद. हा त्रास सतत नसतो, अधूनमधून येतो, म्हणून माणूस आणखी वैतागतो.

काही राउटरमध्ये हे सगळं एका क्लिकचं काम असतं. सेटिंगमध्ये ‘ऑपरेशन मोड’ शोधा, त्यात ‘ॲक्सेस पॉइंट’ निवडा, झालं. नसेल तर हाताने करायचं. अवघड नाही, पण क्रम चुकला की आपणच बाहेर आणि दार आतून बंद, अशी गत होते. म्हणून सावकाश.

जुना राउटर अजून कशालाच जोडू नका. नुसती वीज द्या. मागच्या बारीक भोकात पिन किंवा काडी घालून रिसेटचं बटण दहा सेकंद दाबून धरा. सगळे दिवे एकदम लुकलुकले की सोडा. आता तो कारखान्यातून आला तेव्हा होता तसा झाला. लॅपटॉप वायरने त्याच्या लॅन पोर्टला जोडा. लॅपटॉप नसेल तर फोनवरूनही जमतं, पण एक खोड लक्षात ठेवा: या वाय-फायला इंटरनेट नाही हे फोनला कळतं आणि तो गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो. मग राउटरचं पान काही केल्या उघडत नाही. त्यासाठी आधी फ्लाइट मोड लावा आणि मग फक्त वाय-फाय चालू करा.

ब्राउझरमध्ये स्टिकरवरचा पत्ता टाका. बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो, टाइप करताना अर्थात इंग्रजी आकडे. आत गेल्यावर आधी ॲडमिनचा पासवर्ड बदला. मग वाय-फायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरवर आहे तोच द्या, अक्षरन् अक्षर, कॅपिटल-स्मॉलसकट. सुरक्षेच्या यादीत डब्ल्यूपीए२ आणि एईएस निवडा. तिथे टीकेआयपी नावाचा एक जुना पर्याय दिसेल. तो निवडला तर ‘एन’ राउटरसुद्धा ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. राउटर मंद आहे म्हणून टाकून देण्याआधी हे एक बघून घ्यावं.

चॅनेल मात्र वेगळं द्यायचं. २.४ गिगाहर्ट्झमध्ये आपल्याकडे १ ते १३ चॅनेल आहेत, पण शेजारशेजारची एकमेकांवर चढतात. एकमेकांच्या वाटेला न जाणारी तीनच: १, ६ आणि ११. मुख्य राउटर १ वर असेल तर जुना ६ किंवा ११ वर टाका. रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० केली तर कागदावर वेग दुप्पट दिसतो, पण इमारतीत शेजाऱ्यांची दहा वाय-फाय असताना त्या रुंदीचा उपयोग कमी आणि गोंगाट जास्त.

आता जुन्याचा स्वतःचा पत्ता बदलायचा, कारण दोन राउटर एकाच पत्त्यावर राहू शकत नाहीत. मुख्य राउटरचा पत्ता कसा कळणार? फोन मुख्य वाय-फायवर असताना त्या नेटवर्कच्या तपशिलात ‘गेटवे’पुढे असतो तो. जिओच्या डब्याचा बहुधा १९२.१६८.२९.१ असतो, बाकी बऱ्याच जणांचा १९२.१६८.१.१. पहिले तीन आकडे तेच ठेवायचे आणि शेवटचा बदलायचा. मुख्य राउटर घरातल्या यंत्रांना १०० ते १९९ हे शेवटचे आकडे वाटत असेल तर जुन्याला २ द्या किंवा २५० द्या, त्या वाटपाच्या बाहेरचा कुठलाही. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० च राहू द्या. सेव्ह केलं की पान गोठेल. घाबरू नका, पत्ता बदललाय, नव्या पत्त्यावर जाऊन परत आत शिरा. आणि मग सगळ्यात शेवटी डीएचसीपी बंद करा. शेवटी का, तर ती बंद झाली की हा राउटर तुमच्या लॅपटॉपलाही पत्ता देणार नाही. नवा पत्ता कागदावर लिहून राउटरच्या पोटाला चिकटवून ठेवा. वर्षभराने पासवर्ड बदलायची वेळ आली की तोच उपयोगी पडतो.

मग वायर. मुख्य राउटरच्या लॅन पोर्टमधून निघून जुन्याच्याही लॅन पोर्टमध्ये. लॅन टू लॅन. जुन्यावर वेगळ्या रंगाचं ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ लिहिलेलं पोर्ट असतं, ते रिकामं ठेवायचं, म्हणजे ये-जा सांभाळण्याचं पहिलं काम आपोआप बंद. हात आपोआप तिकडेच जातो, कारण इतकी वर्षं वायर तिथेच लावलेली असते. तिथे लावली तरी इंटरनेट येऊ शकतं, पण मग घरात दोन वेगळी जाळी तयार होतात. मागच्या खोलीतल्या फोनला पुढच्या खोलीतला टीव्ही दिसत नाही, प्रिंटर सापडत नाही. ज्याच्यात ‘ॲक्सेस पॉइंट’ मोड तयार मिळाला, त्याला मात्र वॅन पोर्टही चालतं.

दोन राउटरांमध्ये वायर एकच. जास्त वायर म्हणजे जास्त वेग असं समजून दुसरी लावलीत तर तेच ते संदेश गोल गोल फिरत राहतात आणि सगळं घर बंद पडतं.

वायर कुठली घ्यावी? कॅट ५ई पुरे, कॅट ६ थोडी महाग आणि जाड. दोन्ही १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट (१००० एमबीपीएस) नेतात, म्हणजे घराला भरपूर झालं. दुकानात स्वस्त मिळते ती बऱ्याचदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. ‘पूर्ण तांब्याची’ म्हणून मागून घ्या. आत आठ तारा, चार जोड्या. टोकाला प्लग बसवताना रंगांचा क्रम दोन्हीकडे सारखा हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. १०० एमबीपीएसला यातल्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. त्यामुळे निळी किंवा तपकिरी तार नीट दाबली गेली नसेल तरी इंटरनेट चालू राहतं, फक्त १०० वर येऊन अडकतं. ३०० चा प्लॅन असून मागच्या खोलीत स्पीड टेस्ट दर वेळी ९४-९५ दाखवत असेल तर एक तर ही तार सुटलेली आहे किंवा जुन्या राउटरची पोर्टच १०० ची आहेत. पोर्ट १०० ची असतील तर मी म्हणेन, राहू द्या. फुल एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएसच्या आसपास लागतात.

वायर घराबाहेरून न्यावी लागली तर उन्हाला टिकणारी काळ्या वेष्टनाची घ्या. पण अंगण ओलांडून आउटहाउसला किंवा गच्चीवर तांब्याची वायर नेताना दोनदा विचार करा. मृगाच्या आगेमागे विजा चमकतात तेव्हा अशा लांब उघड्या तारेत चढलेला दाब दोन्ही टोकांचे डबे जाळून जातो. जवळच कुठेतरी वीज पडली तरी पुरतं. दोन इमारतींमध्ये काचेचं फायबर घालणं हाच भरवशाचा इलाज. ते वीज वाहून नेत नाही.

‘वायर ओढायची नाही, बिन-वायरचं काही सांगा,’ असं म्हणणारे घरोघरी असतात. रिपीटर मोड हा त्यावरचा उपाय, आणि तो मी नाइलाजाचा धरतो. यात जुना राउटर मुख्य वाय-फाय पकडतो आणि पुढे सोडतो. पण एकच रेडिओ असेल तर एका वेळी एकतर ऐकता येतं किंवा बोलता येतं. प्रत्येक गोष्ट हवेतून दोनदा जाते, म्हणून वेग निम्मा होतो. खोक्यावर ‘३००’ लिहिलेला राउटर २० मेगाहर्ट्झवर १४४ ला जोडतो, प्रत्यक्षात त्याच्या निम्मं हाती लागतं, आणि रिपीटर केल्यावर त्याच्याही निम्मं. दोन पट्ट्यांचा राउटर असेल तर ५ गिगाहर्ट्झवर पकडून २.४ वर सोडायला लावता येतं, मग हे नुकसान टळतं.

रिपीटर ठेवायची जागा सगळे चुकवतात. सिग्नल मागच्या खोलीत नाही म्हणून तो मागच्या खोलीत ठेवतात. जिथे सिग्नलच नाही तिथे तो पुढे काय सोडणार? तो मधल्या खोलीत हवा, जिथे फोन उणे ६० ते ६५ दाखवतोय. वर सांगितलेल्या चिऱ्याच्या घरात माजघराच्या दाराजवळ, जिथून ओटी सरळ दिसते तिथे. दाराच्या रेषेत ठेवलं तर भिंत लागतच नाही. सेटिंगमध्ये ‘डब्ल्यूडीएस’ नावाचा, राउटर हवेतून एकमेकांना जोडण्याचा पर्याय दिसला तर ध्यानात असू द्या की तो वेगवेगळ्या बनावटीच्या राउटरांमध्ये बऱ्याचदा जुळत नाही.

राउटरमध्ये रिपीटरचा पर्यायच नसेल तर ओपनडब्ल्यूआरटी आहे, म्हणजे कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या जागी राउटरवर बसवायचं फुकट, खुलं सॉफ्टवेअर. २००२ च्या अखेरीस लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा राउटर आला. त्याच्या आत लिनक्स ही खुली प्रणाली आहे हे लोकांनी हुडकलं, लिनक्सच्या परवान्याप्रमाणे कंपनीला २००३ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला, आणि त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. आज ते शेकडो मॉडेलांवर चालतं आणि कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या डब्यालाही नवे सुरक्षा अपडेट देतं. मात्र ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या अगदी गरीब राउटरवर ते आता बसवू नये असं प्रकल्पवालेच सांगतात. शिवाय मॉडेलची आवृत्ती चुकली तर डब्याची वीट होते. ज्याला रविवार घालवायची हौस आहे त्याने करावं.

जुन्या राउटरला कंपनीचे अपडेट येणं कधीच थांबलेलं असतं. ॲक्सेस पॉइंट म्हणून तो मुख्य राउटरच्या आड असतो, थेट इंटरनेटला तोंड देत नाही, त्यामुळे धोका बराच कमी. तरी डब्ल्यूपीएसचं, म्हणजे पासवर्ड न टाकता वाय-फायला जोडून देणारं बटण सेटिंगमधून बंद करा.

सगळं जुळल्यावर एक तक्रार हमखास येते: फोन ओटीवरून मागच्या पडवीत नेला तरी तो ओटीवरचंच क्षीण वाय-फाय धरून बसतो. हे राउटर ठरवत नाही, फोन ठरवतो, आणि काही फोन भलते चिकट असतात. मुख्य राउटरची ट्रान्समिट पॉवर ‘मीडियम’ केली तर त्याचा सिग्नल मागे लवकर संपतो आणि फोन मुकाट्याने दुसरीकडे वळतो. ताकद कमी करून गुण येतो हे पटायला वेळ लागतो, पण करून बघा. चालताचालता कॉल अजिबात तुटू नये असं हवं असेल तर मात्र विकतचा मेश संच घ्यावा. ते राउटर आपसांत बोलून फोनला वेळेवर सुचवतात.

राहिला लाइटचा प्रश्न. मुख्य डबा बहुतेक घरांत इन्व्हर्टरच्या पॉइंटवर असतो आणि जुना मागच्या साध्या पॉइंटवर, म्हणून लाइट गेली की निम्मं घर ऑफलाइन. राउटरसाठीचे छोटे १२ व्होल्टचे यूपीएस मिळतात, पण तुमचा जुना ९ व्होल्टचा असेल तर तो त्यावर चालवू नका, दोन्ही व्होल्टेज देणारा मागा. आणि दोन्ही डबे बंद होऊन लाइट परत आली की जुना आधी उठतो. फायबरचा डबा कंपनीशी बोलून तयार व्हायला काही मिनिटं घेतो. तेवढ्यात जुन्याला जोडलेल्या फोनवर ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ असं दिसत राहतं, कारण पत्ता देणारा अजून जागा झालेला नसतो. कुणाला फोन लावू नका, कशाला रिसेट करू नका. मुख्य डब्याचा इंटरनेटचा दिवा हिरवा झाला की फोनचं वाय-फाय एकदा बंद करून चालू करा.